शिरीषचं विमान आणि चौथं लिंबू

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या शनिवारच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या एकत्र जेवणाला, दरवेळी दोन गोष्टी उरतात. एक भाजी आणि एक शिरीषचा किस्सा. भाजी डब्यात भरून घरी नेता येते, किस्से मात्र साठत जातात आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गरम करून वाढले जातात.

शिरीष पुण्याचा, मी नागपूरचा. २००१ साली एकाच आठवड्यात, एकाच कंपनीत आलो. एकाच अपार्टमेंटमध्ये एकच कुकर वापरला. त्यानंतर सगळं त्याला आधी मिळालं. ग्रीन कार्ड आधी, घर आधी, आणि डोक्यावर केस अजून त्याच्याच! मी जळतो. लपवत नाही. लपतही नाही.

*

पायलटचं लायसन्स मिळाल्याची बातमी त्याने माझ्या वाढदिवसाला, माझ्याच घरी दिली. "काय सांगतोस! विमान?" म्हणत माझी बायको वैदेही जी त्याच्याकडे वळली, ती मेणबत्त्या वितळून केकवर आल्या तरी परत वळली नाही.

पुढच्या लाँग वीकेंडला सगळे समुद्रावर गेलो. आम्ही मिनीव्हॅनमधून तीन तास, दोन उलट्या. तो भाड्याच्या विमानाने तासाभरात. पोचलो तर साहेब वाळूत बसून कणीस खात होते!

माझा सात वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, व्हाय कान्ट यू फ्लाय?"

"मला उंचीची भीती वाटते रे."

"नो, यू आर स्केअर्ड ऑफ द हायवे!"

*

मग शिरीषने एक जुनं, चार सीटचं विमानच घेतलं. दसऱ्याला गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर त्याची पूजा ठरली. अनंतकाका, म्हणजे आमचे रिटायर्ड डॉक्टर, इथल्या प्रत्येक नव्या गाडीची पूजा करतात. सवयीप्रमाणे ते चाकांखाली ठेवायला चार लिंबं घेऊन आले. विमानाला चाकं तीन!

"आता हे चौथं?" शिरीषने विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मिलिंद, हे तू खिशात ठेव. तुझी नजर लागायला नको!"

सगळे हसले. सगळ्यात जास्त वैदेही.

नारळ फोडायला मात्र विमानतळाच्या ऑफिसातल्या बाईंनी मनाई केली. तुकडे उडून पंख्यात जातील म्हणे. काका म्हणाले, "मग अख्खाच राहू दे विमानात." बाकी सगळे फोटोसाठी पुढे पळाले, तेव्हा शिरीषने नारळ माझ्या हातात दिला. "सीटमागे जाळी आहे, त्यात नीट अडकव यार."

मी आत वाकलो. तेवढ्यात बाहेरून वैदेहीचा आवाज आला, "शिरीष, गॉगल लाव. हां, तसाच थांब, मस्त!" मी नारळ सीटमागे जमिनीवरच ठेवला आणि धावत जाऊन फोटोत शिरलो.

*

शिरीष एकटाच एक चक्कर मारून येणार होता. आम्ही कुंपणाशी उभे. विमान छान खाली आलं, चाकं टेकणार इतक्यात बाजूने जोराचा वारा आला. शिरीषने उतरणं कॅन्सल केलं आणि पुन्हा वर जायला फुल पॉवर दिली. अशा वेळी विमान डावीकडे ओढतं, म्हणून उजवं पेडल दाबावं लागतं. त्याने दाबलं. पेडल हलेना. खाली येताना नारळ घरंगळत पुढे गेला होता आणि नेमका त्या पेडलमागे अडकला होता!

विमान डावीकडे वळलं, एक पंख गवतात घासला आणि ते तिरकं होऊन थांबलं. मी कुंपण ओलांडून धावलो. तेवढा जोरात मी आयुष्यात कधी धावलो नव्हतो. जळत होतो, पण हे नको होतं हो मला. शिरीष स्वतःच बाहेर आला, मनगट धरून. "लिंबू आहे ना खिशात?" एवढंच म्हणाला.

*

चौकशीला आलेल्या गोऱ्या साहेबाने नारळ दोन बोटांनी उचलला. "सर, व्हॉट इज धिस?"

"गुड लक," शिरीष म्हणाला.

साहेबाने विमानाकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं आणि लिहिणं थांबवलं. मग विचारलं, हा आत कोणी ठेवला?

मी तोंड उघडलं, तेवढ्यात शिरीष म्हणाला, "मी." तिथेही माझ्या आधी! आणि मी उघडलेलं तोंड मिटलं.

*

पुढच्या शनिवारी तो प्लास्टर घालून पॉटलकला आला. सगळ्यांच्या मध्ये उभा राहून म्हणाला, "नारळ नीट अडकवला नाही, चूक माझी." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मिलिंद, तो पनीरचा डबा पास कर रे."

मी डबा दिला. सगळे त्याच्याभोवती. मी सिंकपाशी, खिशात सुकलेलं लिंबू दाबत. आज सांगून टाकायचं, असं घरून ठरवून निघालो होतो. गाडीत बसेपर्यंत सांगितलं नाही. गाडीत तरी वैदेहीला सांगावं म्हणून घसा साफ केला.

पण तीच आधी बोलली. "किती मोठ्या मनाचा आहे ना शिरीष! स्वतःची चूक अशी सगळ्यांसमोर कबूल केली. खरं सांग मिलिंद, तुला जमलं असतं?"