एकमेकांत अडकवलेली तिकिटं

डहाणूच्या एका दवाखान्यात मी नंबर लावून बसलो होतो. शेजारी घोलवडचा एक गृहस्थ आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला होता. नोकरी दुबईला. कुणी विचारलं नसताना तो मला आपली हुशारी सांगू लागला. चार दिवसांचं जाऊन-येऊन तिकीट महाग पडतं, महिन्याभराचं स्वस्त. म्हणून यानं दोन काढली होती, एक दुबईहून आणि एक मुंबईहून, तारखा एकमेकांत अडकवून. दुबईच्या तिकिटावर आता आला होता; बुधवारी मुंबईच्या तिकिटावर जायचं, महिन्याभरानं त्याच्याच परतीवर पुन्हा यायचं आणि शेवटी दुबईच्या तिकिटाच्या परतीवर जायचं.

"स्वस्तात दोनदा आईला भेटतो. आणि सगळं नियमात!" असं म्हणत त्यानं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवली.

तेवढ्यात डॉक्टरांनी दारात येऊन त्याला सांगितलं, "पित्ताशयातले खडे वाढलेत. गुरुवारीच ऑपरेशन करू. घरचं माणूस हवं."

"गुरुवारी कसं जमेल? बुधवारी मी उडालो नाही, तर त्या तिकिटावरचं परत येणंही बाद होतं."

म्हातारी शांतपणे म्हणाली, "मग मी कधी आजारी पडू, तेवढं सांग बाबा."

मला हसू आलं. त्यानं मात्र खरंच मोबाइल काढला, तारखा पाहिल्या आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यात, बारा ते पंधरा."