‘काय पाहिले’ हा रकाना

सही करायला कुणी पेन उघडलं, की काकी कागदावर हात ठेवायची. अख्खा तळहात, बोटं पसरून. दुसऱ्यांची भांडी घासून त्या हाताच्या रेषा पांढऱ्या पडल्या होत्या. मग समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारायची, “बघलंस काय?”

समोरचा गोंधळायचा. सही मागायला आलेली बाईच सही करू देत नाही, असं कधी कुणी पाहिलंय?

“म्हणजे, काकी?”

“माका गाडीत घालून नेताना बघलंस काय? नायतर परत येताना? खरा सांग.”

“बघितलं नाही, पण ऐकलंय ना सगळं. फार वाईट झालं.”

“ऐकलंस तर ऱ्हवांदे. चाय घे.” आणि कागद उचलून पिशवीत.

तुम्हीही सह्यांच्या मोहिमा पाहिल्या असतील. स्टेशनबाहेर टेबल लावतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात, आणि घाईत असलेली माणसं वर काय लिहिलंय हे न वाचता सही करून जातात. काकीचा अर्ज तसा नव्हता. दीड वर्षात त्यावर तेवीस सह्या झाल्या. त्या तेवीसही तिने पारखून घेतल्या होत्या. मला हे सगळं माहीत आहे, कारण तो अर्ज माझ्या अक्षरात आहे.

आमची वस्ती घाटकोपरच्या डोंगरउतारावर आहे. खालच्या रस्त्यापासून वर यायला पायऱ्या, मधल्या टप्प्यावर सार्वजनिक नळ. काकी आमच्या वर दोन घरं सोडून एकटी राहायची. नवरा गिरणीत होता. आधी गिरणी गेली, मग तो गेला. गावी कोकणात एक पुतण्या होता, गणपतीला फोन करण्यापुरता. ती खालच्या इमारतींत चार घरची कामं करायची. बोलायची आमच्यासारखंच मुंबईचं, पण मनापासून काही बोलायचं असलं, की मालवणीत शिरायची.

मला ती नावाने हाक मारत नसे. आमच्या गल्लीतून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे मी “कॉलेज” झाले. “ए कॉलेज, इकडे ये गो. ह्या गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलाहा?” मला लाज वाटायची आणि आवडायचंही.

जे झालं ते थोडक्यात सांगते. काकी थोडक्यातच सांगायची.

तिच्या एका कामाच्या घरात सोन्याचं कडं सापडेना. घरच्यांनी पोलिसांना कळवलं. सकाळी काकी तिथं लादी पुसत होती, तिथूनच तिला गाडीत बसवून नेलं. एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला ठेवून घेतलं. कडं कुठं विकलं ते विचारत होते. तिला आडवं पाडून तळपायांवर पट्ट्याने मारलं. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या मुलीच्या प्रवासाच्या बॅगेत कडं सापडलं, आणि काकीला सांगितलं, जा घरी, बाहेर कुठं बोलू नकोस.

तिसऱ्या दिवशी त्या घरच्या भाभीचा फोन आला. “मावशी, गैरसमज झाला. उद्यापासून या.”

चार दिवस काकीला जमिनीवर पाय टेकवता आला नाही. पाचव्या दिवशी शेजारची आजी तिला धरून दवाखान्यात घेऊन गेली. तोवर सूज उतरली होती. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, बाह्य जखम दिसून येत नाही.

त्यानंतर एका रविवारी काकी आमच्या दारात आली. हातात वाण्याकडून आणलेले फुलस्केप कागद. “कॉलेज, तुझा अक्षर बरा असा. लिहून दे.”

मी विचारलं, “काकी, मागणी काय लिहू? नुकसानभरपाई?”

ती विचार करत बसली. मग म्हणाली, “त्यांनी लिहून द्यायला पाहिजे की मी तिथं होते. पहिलं ते. मग ज्याने मारलं त्याला साहेबांनी विचारायला पाहिजे, का मारलंस. बस.”

मला तेव्हा ती मागणी फार लहान वाटली. अर्ज पोलिसांकडे दिला, महिन्याभराने त्यांचं उत्तर आलं, तेव्हा ती किती मोठी होती ते कळलं. उत्तरात लिहिलं होतं, “सदर महिलेस पोलीस ठाण्यात आणल्याची कोणतीही नोंद आढळून येत नाही.” मी ते वाचून दाखवलं. काकीने दोनदा वाचायला लावलं. मग आपल्या पायांकडे बघून म्हणाली, “मग मी खंय होतंय?”

त्या दिवशी सह्यांचं ठरलं. आणि रकानाही तिनेच सांगितला. मी अनुक्रमांक, नाव आणि सही असे तीन आखले होते. काकी म्हणाली, “मध्ये आणखी एक मार. काय पाहिलं ते लिहायला.”

त्या रकान्याची गंमत सांगते. भाजीवाल्याने लिहिलं, “भाजीची गाडी लावत होतो. दोन पोलीस व एक बाई पोलीस यांच्याबरोबर जीपमध्ये बसताना पाहिले. माझ्याकडे बघून ‘कोथिंबीर काढून ठेव’ म्हणाल्या.” काकी हे ऐकून हसली. “खरंच म्हटलेलं. वाटलं, तासाभरात येईन.”

एका रिक्षावाल्याने लिहिलं की बाईंना पायरीपर्यंत सोडलं, त्या उतरताना हात धरावा लागला. शेजारच्या आजीला लिहिता येत नव्हतं, तिने मला सांगितलं, “लिही. संध्याकाळी तिच्या घरात दिवा लागला नाही. रात्रीपण नाही. मी तीन वेळा उठून बघितलं.” मी म्हटलं, “आजी, दिवा नव्हता हे पाहिलं असं लिहू?” आजी चिडली. “मग काय, अंधार दिसत नाही का डोळ्यांना?” तिचा अंगठा पाचव्या क्रमांकावर आहे.

सातवी सही गुजरातीत आहे. काकी त्याच भाभीच्या घरी गेली होती, सोबत मी. भाभी दारातच म्हणाल्या, “अरे मावशी, आता विसरून जा ना. आपण काय पोलिसांशी वाकडं घ्यायचं?” काकी म्हणाली, “भाभी, वाकडं नाही. तुमच्याच लादीवरून मला उठवलं. बघलात ना?” भाभी आत निघून गेल्या. दार मात्र उघडंच राहिलं. थोड्या वेळाने त्यांची सासू भिंतीला धरत धरत आली, ऐंशीच्या पुढची. तिने काही न विचारता कागद मागितला. काकीने सवयीने हात ठेवला. म्हातारी म्हणाली, “मी बघितलं. बादली तशीच राहिली होती. मीच उचलली.” आणि सही केली.

खाली उतरताना काकी जिन्यात थांबली. मग म्हणाली, “बादली उचलूची तिका जमना नाय गो. कंबर धरता तिची.”

एकदा आमच्या भागातला एक कार्यकर्ता आला. पांढरा शर्ट, मागे चार पोरं. “काकी, हे काय, तेवीस सह्या? कोण विचारणार तुम्हाला? मला द्या कागद. एका तासात हजार आणतो. ऑनलाइनपण टाकतो.”

“हजार माणसां माझ्यासोबत गाडीत होती काय रे?”

“अहो, पण प्रेशर येतं ना!”

“प्रेशर कुकरात येता,” काकी म्हणाली. पोरं हसली, तोही हसला. जाताना त्या पोरांतला एक जण मागे थांबला आणि हळूच म्हणाला, “काकी, सही केली तर काय मिळणार?” काकी म्हणाली, “माकाच काय गावला नाय, तुका काय गावतला?”

आता जे सांगायचं आहे ते मी बराच वेळ टाळत आले आहे.

काकी परत आली त्या दुपारी मी नळावर होते. कॉलेज लवकर सुटलं होतं, नळाला बारीक पाणी होतं, आणि हंडा भरायची वाट बघत मी एकटीच उभी होते. काकी पायऱ्या चढून आली. चपला हातात होत्या. पावलांच्या कडांवर चालत होती, तापलेल्या तव्यावर चालावं तशी. माझ्याजवळ आली आणि नळाच्या कठड्यावर बसली. म्हणाली, “पाणी घाल गो जरा पायावर.” मी हंडा कलंडवला. तिने एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेतला, मग दुसरा. मी तळपाय बघितले. नीट बघितले. पाणी पडल्यावर तिने डोळे मिटले. मग ती उठली आणि वर गेली.

ते तळपाय बघणारी मी एकटी होते. आजीने बघितले तेव्हा काकीने हळदीचा लेप लावून वर फडकं बांधलं होतं. डॉक्टरांनी बघितले तेव्हा सूज नव्हती.

आणि मी अर्जात लिहिलं, “तळपायांवर मारहाण झाली, असे अर्जदाराचे म्हणणे आहे.”

माझे बाबा एका इमारतीत वॉचमन आहेत. सह्यांचं ठरलं त्याच रात्री त्यांनी मला बाजूला घेतलं. “लिहून दे. लिहायला हरकत नाही. पण सही करायची नाही. तुला सरकारी परीक्षा द्यायची आहे ना? उद्या नोकरी लागली की पोलीस व्हेरिफिकेशन होतं. ते याच ठाण्यातून होणार आहे.” बाबा रागावले नव्हते. घाबरले होते. मीही घाबरले. मी स्वतःला सांगितलं, काकी विचारेल तेव्हा बघू. तिने हात ठेवून विचारलं, तर मला खोटं बोलता येणार नाही.

काकीने विचारलंच नाही. वस्तीतल्या प्रत्येकाला विचारलं. त्या दिवशी आपण गावी होतो हेच जे लोक विसरले होते, त्यांनाही विचारलं. मला कधीच नाही. मी तिच्या शेजारी बसून इतरांचे रकाने भरत राहिले. हळूहळू मला वाटू लागलं, त्या दुपारी ती शुद्धीत नसेल, पाणी कुणी घातलं हे तिला आठवत नसेल. तसं वाटणं सोयीचं होतं.

वर अपील केल्यावर पुन्हा एक पत्र आलं. त्यात एक वाक्य होतं, “अर्जदाराच्या तळपायांवरील इजा प्रत्यक्ष पाहिल्याचे यादीतील एकाही व्यक्तीने नमूद केलेले नाही.” ते वाचताना माझा आवाज बसला. काकी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता विचारणार.

ती म्हणाली, “घसो सुकलो तुझो. पाणी पी.” आणि माठातलं पाणी काढून दिलं.

त्या पत्रात सुनावणीची तारीख होती. साक्षीदारांना घेऊन या, असं म्हटलं होतं. काकीने तेवीस जणांना घरोघरी जाऊन सांगितलं. आठ जण आले. साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्या तारखेला पाच जण आले, साहेब रजेवर. तिसऱ्या तारखेला काकी, आजी आणि मी. बाकावर चार तास बसून परत आलो. येताना काकी पायऱ्यांवर तीनदा बसली. मला वाटलं, पाय दुखतात. तिचे डोळे पिवळे झाले होते हे मी दुसऱ्या दिवशी उजेडात बघितलं. कावीळ होती. आठ दिवस दवाखान्यात होती, नवव्या दिवशी गेली. चौथ्या तारखेला अजून बारा दिवस होते.

पुतण्या आला, सगळं करून गेला. घर रिकामं करताना आजीने अर्जाची पिशवी माझ्याकडे आणून दिली. मी म्हटलं, “आजी, मला का?”

“तुझंच अक्षर आहे ना.” मग ती दारात थांबली. “मी तिला एकदा बोलले होते. नळावर पोरगी होती असं तूच सांगितलंस ना, मग तिची सही घे की. तर माझ्यावरच ओरडली. म्हणाली, कॉलेजला विचारायचं नाही. ती खोटं बोलणार नाही, आणि मग तिची नोकरी जाईल.”

आजी गेली. मी पिशवी माझ्या पुस्तकांशेजारी ठेवली.

चौथ्या तारखेला सकाळी मी बाबांना सांगितलं की मी जाते आहे, आणि कशाला जाते आहे. ते ड्युटीवरून नुकतेच आले होते, बूट काढत होते. दुसराही बूट काढून त्यांनी जोडी दाराशी ठेवली. मला वाटलं, नको म्हणतील. म्हणाले, “सही केलीस की झेरॉक्स काढून ठेव. दोन काढ.”

कार्यालयातल्या कारकुनाने वर न बघता विचारलं, “अर्जदार?”

“वारल्या.”

“मग तुम्ही कोण? नातेवाईक?”

“नाही. मी बघितलं होतं.”

त्याने यादी चाळली. “तुमचं नाव नाही यात.”

“आता लिहिते.”

“अहो, अर्जदारच नाही तर—” तो थांबला. काय वाटलं कुणास ठाऊक, कागद त्याने माझ्याकडे सरकवला. “लिहा. मी पोच देतो. पुढचं मला माहीत नाही.”

पुढचं मलाही माहीत नाही. हे लिहीपर्यंत तरी काही उत्तर आलेलं नाही.

मी बाकावर बसले. चोविसावा क्रमांक टाकला, नाव लिहिलं. ‘काय पाहिले’ या रकान्यात लिहिलं, “दुपारी नळावर त्यांच्या पायांवर पाणी घातले. दोन्ही तळपाय सुजलेले व काळेनिळे होते. टाचेपासून बोटांपर्यंत पट्ट्याचे आडवे वळ होते. डाव्या पायावर पाच मोजले. उजव्या पायावरचे मोजता आले नाहीत.”

मग सही करायला पेन टेकवलं, आणि सवयीने थांबले.

कागदावर कुणीच हात ठेवला नाही.