पांढरीतलं इरकली लुगडं

मैंदर्गीच्या महादेवप्पाला एकच लेक, जगदेवी. तिनं सोलापुरात मागावर काम करणाऱ्या तेलुगू पोराशी लग्न लावलं, तेव्हा हा पेटला. कडब्याची बाहुली केली, तिला लेकीचं इरकली लुगडं नेसवलं, विभूती फासली आणि रानातल्या पांढऱ्या मातीच्या टेकाडात, बाभळीखाली पुरली. त्यांच्यात मेलेल्या माणसाला पुरतात तशी, बसवून. "मेली," म्हणाला. बायको शांतम्मा त्या दिवसापासून त्याला जेवायला वाढायची, पण बोलायची नाही.

बहात्तरच्या दुष्काळात उत्खननवाले आले. टेकाडाखाली हजारो वर्षांपूर्वीचं गाव आहे म्हणे. महादेवप्पानं रान दिलं, हाताला काम नव्हतं म्हणून स्वतःही कुदळ धरली. फक्त बाभळीखालच्या कोपऱ्यात तो कुणाला शिरू देईना.

खापरं निघाली, चुली निघाल्या. एका दुपारी राखेचा थर खरवडताना त्याला जमिनीखालून खोकला ऐकू आला.

"कोण खोकतंय रं?"

"तुमीच की, मालक," गडी हसले. "सोताचा खोकला वळखू येईना व्हय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच, बाभळीकडून. तो खोकला त्याच्या ओळखीचा होता. गोवरातल्या जगदेवीला छातीशी धरून त्यानं तो रात्रंदिवस ऐकला होता.

घरी येऊन त्यानं शांतम्माला सांगितलं. इतक्या वर्षांनी ती बोलली.

"जित्या लेकीच्या तोंडावर माती घातली तुमी. ती खोकंल न्हाय तर काय गाणं म्हणंल?"

सकाळ झाली तसा तो बाभळीखाली बसला आणि नुसत्या हातांनी माती उकरू लागला. उत्खननाचे साहेब धावत आले.

"हळू, हळू! काय आहे तिथं?"

"माजी लेक हाय."

कडब्याचा भुगा झाला होता. लुगड्याला मात्र वाळवीनं तोंड लावलं नव्हतं. बाहुलीचं तोंड होतं तिथं, त्या कोरड्याठाक मातीत, कापड ओलं होतं. आणि कोमट.

लुगडं काखेत घेऊन त्यानं तशीच एस.टी. धरली. सोलापुरात भवानी पेठेत माग खडखडत होते. जगदेवी दारात आली, वाळून काडी झालेली. तिनं आधी लुगड्याकडं पाहिलं, मग बापाकडं.

"अप्पा, आज सकाळी ढास थांबली बगा. किती दवाखाने केले, कशानं हटत नव्हती."

तिनं बसायला पाट दिला, पाणी दिलं. ती वाकली तेव्हा त्याला तिचा भांग दिसला. त्यात पांढरी माती होती. त्यानं ती हातानं झटकली. पुन्हा तेवढीच दिसली.

"ऱ्हाऊ द्या, अप्पा. धुतली तरी जात न्हाई ती."

परतीची एस.टी. निघून गेली, तरी तो झटकतच होता.