बाबारावांनी थांबवलेला अर्ज

बाबाराव खडतकर रायपूरला लागून असलेल्या बीरगांवात राहायचे आणि दर रविवारी सकाळी ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहायचे. एवढंच आपलं चरित्र, असं ते म्हणायचे. ते खरं नाही, म्हणून मी हे लिहितो आहे.

शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात ते टाइमकीपर होते. कुणाची हजेरी लागते आणि कुणाची खाल्ली जाते, हे बावीस वर्षं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. निवृत्त झाल्यावर कार्बन पेपर, टाचण्या आणि एक जाड फाइल घेऊन ओट्यावर बसले. समोरच्याला जात, पक्ष, गाव विचारायचं नाही. तो सांगेल ते लिहायचं, सोमवारी साडेदहाला सायकलवर कचेरीत जायचं आणि पोच घेऊन परत यायचं. "पोच नसली तं अर्ज नाही," हे त्यांचं पालुपद.

मी अच्युत, रायपूर शहरातल्या बुढापाऱ्यातला, विमा कचेरीतला बाबू. वाचनालयात अंधश्रद्धेवर भाषणं ठोकायचो. बाबाराव शेवटच्या रांगेत बसून ऐकायचे आणि नंतर म्हणायचे, "बढिया बोलता तुम्ही. एखाद दिवस बीरगांवले येऊन बोला ना." मी कधी गेलो नाही. गेलो तो एकदम त्यांच्या निवडणुकीत, शहाणपणा शिकवायला.

रायपूर राजधानी होऊन चार वर्षं झाली होती. बंगले आणि लाल दिव्यांच्या गाड्या तिकडे, धूर बीरगांवात. कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराचा मेहुणा नगरपालिकेत पार्षद व्हायला उभा राहिला, तेव्हा मजुरांनी बाबारावांना धरून उभं केलं. मागणी एकच होती: ठेक्यावरच्या प्रत्येकाला हजेरीचं कार्ड.

ही मागणी निघाली शारदामुळे. शारदा विधवा, गोंदियाकडून आलेली, कारखान्यात रेजा, म्हणजे डोक्यावर माल वाहणारी मजूर. तिला अक्षर येत नव्हतं. कामावर गेलेल्या प्रत्येक दिवसाची ती सुतळीला एक गाठ मारायची आणि महिना संपला की लाल चिंधी बांधायची. ठेकेदारानं तिच्यासह रोज एकाच टोळीत कामावर जाणाऱ्या चाळीस बायांची हजेरी कागदावरून उडवली, तेव्हा बाबारावांनी कामगार कचेरीत दावा लावला आणि पुरावा म्हणून या दोरीचं नाव लिहिलं. साहेब हसले, पण दोरी सुनावणीला आणा म्हणाले. तारीख जानेवारीची पडली. तोवर दोरी शारदाच्या खोलीत खुंटीवर होती.

मतदानाला पंधरा दिवस उरले असताना कांताबाईची नात तापानं गेली. कांताबाई शारदाची शेजारीण, त्या चाळिसांतलीच एक. झाडफूक करणाऱ्या बैगानं तिला विचारलं, तुझ्या घराजवळ गाठी कोण मारतं? झालं. शारदा टोनही ठरली, चेटकीण. लेकरांचे जीव गाठीत बांधते म्हणे! दुसऱ्या दिवसापासून हातपंपावर तिला कुणी पाणी भरू देईना.

रविवारी ती ओट्यावर आली. मीही तिथे होतो, मतदारयादी घेऊन.

"बाबाजी, ठाण्यात द्याले अर्ज लिहून द्या. खोली जाळू म्हणून राहिले माझी."

तिनं पाच नावं सांगितली. एक कांताबाईचा मुलगा. बाकीचे चारही आमच्या बूथवर बसणारे. बाबारावांनी पाचही नावं लिहिली, अंगठा घेतला. ती गेल्यावर मी म्हणालो, "बाबाराव, हा उद्या देऊ नका."

"काहून?"

"सारी वस्ती कांताबाईसंगं आहे. आठ दिवसांवर मतदान. हरलात तर कार्ड गेलं. निवडून या, मग तुमच्याच शब्दाला वजन येईल, शारदाला तुम्हीच वाचवाल."

"मी सभेत दोरीचं सांगतो न. हेच दोरी तुमची हजेरी वापस आणून राहिली, म्हणतो. आपलीच मानसं आहेत, समजतील."

"समजतील, पण आठ दिवसांत नाही. तोवर ठेकेदाराचा मेहुणा घरोघरी सांगेल, बाबाराव टोनहीचा माणूस आहे म्हणून."

त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. "मले पटून नाही राहिलं, अच्युतभाऊ," म्हणाले. तरी अर्जाला टाचणी लावून त्यांनी तो फाइलीत ठेवला. सोमवारी साडेदहाला सायकल ओट्यालाच टेकलेली होती.

मंगळवारी शारदा आली. "दिला का, बाबाजी?"

"देतो. थोडे दिवस थांब."

तिनं मान डोलावली आणि गेली. तिचा त्यांच्यावर पुरता भरवसा होता. मला आजही सहन होत नाही ते हेच.

गुरुवारी दुपारी पाळी सुटायच्या वेळेला त्या पाच जणांनी तिला खोलीतून बाहेर ओढलं. दोरी चौकात जाळली. बाया उभ्या राहून बघत होत्या. ज्यांचे दिवस त्या दोरीत होते, त्याही. आम्ही पोचलो तेव्हा राख उरली होती आणि शारदा एक गाठोडं घेऊन निघून गेली होती. बाबाराव तसेच सायकलवर बसले आणि अभनपुरापर्यंत विचारत गेले. कुणी तिला पाहिलं नव्हतं.

सोमवारी ते एकशेबारा मतांनी निवडून आले. गुलाल त्याच पाच जणांनी उधळला. बाबारावांनी हार घालून घेतला, कारण नाही कसं म्हणायचं हे त्यांना कळलं नाही. मलाही कळलं नाही. मी तर पेढे वाटत होतो.

जानेवारीत सुनावणी झाली. साहेबांनी दोरी मागितली.

"जळली, साहेब," बाबाराव म्हणाले.

"मग जिची होती तिला आणा. तोंडी सांगू दे. नाहीतर दावा निकाली."

पुढच्या रविवारी मी ओट्यावर बसलो असताना कांताबाई आली. नातीच्या आठवणीनं तिची रया गेली होती. "बाबाजी, शारदाले बोलवा न. तिच्याबगर आमचे दिवस कोन सांगन?"

"कुठून बोलवू, कांताबाई?"

"पोलिसायले तिले शोधाचा अर्ज लिहा. तुम्ही आता पार्षद आहा."

बाबारावांनी कागद घेतला, कार्बन लावला, नाव लिहिलं: शारदा. पुढे? कांताबाईला माहीत नव्हतं. भिंतीला भिंत लागून सहा वर्षं राहिलेली बाई, पण तिचं आडनाव, गाव कुणालाच ठाऊक नव्हतं. दाव्यातही ठेकेदाराच्या वहीसारखी बायांची नुसती पहिली नावं होती; तिचं पूर्ण नाव-गाव एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. बाबारावांनी फाइल उघडून तो जुना अर्ज काढला.

"ह्यो कोनाचा?" कांताबाईनं विचारलं.

"शारदाचाच."

"काय लिहून हाये?"

त्यांनी वाचून दाखवला. हातपंप, खोली जाळायची धमकी, एकामागून एक पाच नावं. आपल्या मुलाचं नाव आलं तेव्हा कांताबाईनं पदर तोंडाला लावला. शेवटी होतं: मी एकटी बाई आहे, माझे रक्षण व्हावे, ही विनंती. खाली निळा अंगठा, आणि रविवारची तारीख; तीही त्यांनी वाचली.

कांताबाईनं बोटांवर दिवस मोजले. रविवार ते गुरुवार.

"मंग बाबाजी, देल्ला काहून नाही?"

बाबारावांनी माझ्याकडे पाहिलं. वाचनालयात मी तासतास बोलायचो. ओट्यावर मी सांडलेल्या टाचण्या गोळा करत बसलो. बाबारावांनी मान खाली घातली आणि नव्या कागदावर शारदाचं आडनाव उतरवून घेऊ लागले.