रोम का पडलं, ते सर सांगनार हुते

सरांच्या घरात सरांच्याच आवाजात मी पहिल्यांदा बोललो, तवा काकू स्वयंपाकघरातनं पळत आल्या. हाताला कनीक तशीच. मी नुसतं म्हनलो हुतो, "ग्रीस हा देश लहान, पण त्याचं डोकं मोठं!" काकू दारात थांबल्या. आधी खुर्चीतल्या सरांकडं बघितलं, मंग माझ्याकडं.

"तू हायेस व्हय," म्हनल्या आन् आत गेल्या. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तरी आतनं काय हालचाल ऐकू येईना.

तसं बोलावलं काकूंनीच हुतं. सर आमाला शेवगावला अकरावी-बारावीत इतिहास शिकवायचे. रिटायर झाले आन् थोड्याच दिसांत अर्धांग झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नगरच्या डॉक्टरनं सांगितलं, ओळखीचं कायतरी कानावर पडू द्या, ऐकून ऐकून शब्द परत येत्यात कधीकधी. काकूंनी लई इचार केला आन् मला फोन लावला. "तुला त्यांचा आवाज येतो ना? मंग ये."

येतो म्हंजी काय! माझं पोटच त्याच्यावर हाय. लग्नात माईक धरायचा, हळदीला नकला करायच्या, रिक्षावरनं फिरनाऱ्या जाहिरातींना आवाज द्यायचा. भंगारवाला, यष्टीचा कंडक्टर, मीटिंगमधी रुसलेला चेअरमन, सगळे येत्यात मला. पन पहिली नक्कल सरांची. कॉलेजच्या गॅदरिंगला केली तवा सर पयल्या रांगेत बसून हसत हुते, आन् खाली उतरल्यावर म्हनले, "बाकी उत्तम. माझा ण मात्र तुला जमला नाही."

ण म्हंजी सरांचा जीव. वर्गात कोन 'पानी' म्हनलं की खडू थांबायचा. "पाणी. जीभ टाळूला लावा."

"टाळू कुठं आस्ती सर?" मागनं कोनतरी.

"तुझ्या बाबतीत शोधावी लागेल."

आन् 'व्हय' म्हनलं की संपलंच. "'व्हय' नव्हे, 'होय'. तुम्ही उद्या बाहेर जाल, लोक हसतील." सर सोता पाथर्डीकडच्या वाडीतले, घरचे सगळे कोयता घेऊन ऊसतोडीला जानारे. त्यांनी आपली जीभ दगडावर घासून घेतल्यागत सोच्छ केली हुती.

आन् आता सगळी वाचा गेल्यावर तोंडात एकच शब्द उरला. व्हय.

पानी पायजे? व्हय. टीव्ही बंद करू? व्हय. दुखतंय का? व्हय. काकू म्हनल्या, "लगीन झाल्यापासनं ह्यांच्या तोंडून मी व्हय ऐकलं न्हवतं रे. सासूबाईंचा शब्द हाय तो. कुठं दडून बसला हुता काय म्हाईत."

डाव्या हातानं लिहायला दिलं तर पेन नुसता गिरगटायचा. डॉक्टर म्हनले, अक्षरंबी त्याच कप्प्यातली, तीबी अडाकल्यात. आत मात्र सगळं शाबूत हाय, त्यांना सगळं कळतंय.

ते मला दुसऱ्याच दिवशी पटलं. आपला कान जरा चोरटा हाय, मानूस बोलला की शब्दाच्या आधी चाल उचलतो. सरांचं व्हय एक नव्हतंच. जे वर जाऊन तुटायचं, ते न्हाई. जे खाली बसायचं, ते हो. आन् मधीच एक लांब, घसरत जानारं हुतं, ते म्हंजी 'जाऊ दे, तुला नाही कळायचं.' हे काकूंना सांगितलं तर त्यांनी लगेच करून बघितलं.

"अहो, भाजीत मीठ जास्त झालंय का?"

व्हय, खाली बसलं.

"मंग इतके दिवस गपचिप खात हुते?"

तवा सर हसले. निम्मं तोंड हसलं.

मंग मी रोज दुपारी जायला लागलो. सरांसमोर बसायचं आन् सर होऊन सरांनाच शिकवायचं. माझ्याकडं भांडवल एकच, बारावीतले त्यांचे ग्रीस-रोमचे तास. ते मला चालीसकट पाठ. अथेन्स आन् स्पार्टा, म्हंजी शेजारशेजारची दोन गावं, एकाला बोलायची खोड आन् दुसऱ्याला मारायची. मंग रोम. रस्ते बांधले, डोंगरावरनं शहरात पानी आनलं, कायदे लिहिले. "तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात जुलै आणि ऑगस्ट आहे ना? ते रोमन आहेत. दोन हजार वर्षं झाली, अजून तुमच्या घरातून हललेले नाहीत." आन् नेवाशाचं खोदकाम. तिथं रोमन दारूच्या सुरयांचे तुकडे घावले, हे सर लई अभिमानानं सांगायचे. कुठलं रोम, कुठली प्रवरा! वर्गातला एकजन म्हनला हुता, "म्हंजी सर, आपल्याकडं तवापासनं माल भाहेरनंच येतो."

मी हे सगळं करायचो. सर डोळे मिटून ऐकायचे आन् त्यांचा आवाज जिथं वळायचा तिथंच माझा वळला की त्यांचं डावं बोट हलायचं. मी मुद्दाम चुकायचो, म्हंजी ते बोलत्याल. "स्पार्टाचे लोक कवी होते—" की लगेच व्हय, वर जाऊन तुटलेलं. "रोम" म्हनायला लावायचो. "सर, ओठ मिटा. म. रो-म." सर ओठ मिटायचे, कपाळाला घाम यायचा, मान थरथरायची, आन् ओठ उघडले की व्हय. आपल्याच तोंडातनं आपल्यालाच नको ते पडतंय, हे बघताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला नक्कल करायला येते ह्याचीच लाज वाटायची.

आन् मंग आला रोमचा ऱ्हास.

सरांची एक पद्धत हुती. ऱ्हासाची पुस्तकातली कारनं ते भराभर सांगायचे. भाहेरच्या टोळ्या, कर, भाड्याचं सैन्य, राज्य आवाक्याभाहेर पसरलं. मंग खडू ठेवायचे. "ही झाली परीक्षेची उत्तरं. रोम का पडलं, ते मला काय वाटतं, ते शेवटच्या तासाला." दरवर्षी तो शेवटचा तास व्हायचा. आमचाबी झाला. फक्त मी नव्हतो. सरांनीच मला आंतरकॉलेज नकलांच्या स्पर्धेला नगरला धाडलं हुतं. "जा तू. तुला नंतर सांगेन."

तर मी सरांच्या आवाजात तिथपर्यंत आलो. "रोम का पडलं, ते मला काय वाटतं—" आन् थांबलो. पुढं माझ्याकडं कायच न्हवतं.

सरांनी डोळे उघडले. बोट वर झालं. पुढं?

"सर, मी त्या दिवशी नव्हतो."

व्हय. म्हंजी, म्हाईत हाय.

"तुमी नंतर सांगनार हुता."

व्हय. खाली बसलेलं, लई खोल.

मंग मी अंदाज सुरू केले. लोकं आळशी झाले का? तुटलेलं व्हय. पैसा फार झाला? तुटलेलं. भांडनं? तुटलेलं. शेजाऱ्यांना कमी लेखलं? इथं जरा थांबले, मान हलवली, मंग घसरत जानारं लांब व्हय. जवळ आलो हुतो का लांब गेलो हुतो, तेबी कळंना. काकूंना इचारलं, सरांचे काय कागद असत्याल? "कागद बघून शिकवलंय का त्यांनी कधी? सगळं डोक्यात." काकूंनी डोक्याकडं बोट केलं आन् हात खाली घेतला.

घरी येऊन मी बॅचच्या ग्रुपवर टाकलं, शेवटच्या तासाला सर काय बोल्ले, कुनाला आठवतंय का?

धडाधड उत्तरं आली. एकजन म्हनला, सर म्हनले हुते, 'गाडीला लावायचं ते ग्रीस वेगळं, हे ग्रीस डोक्याला लावा.' दुसरी म्हनली, सर म्हनायचे, 'रोम रोम में रोम.' तिसऱ्यानं तर व्हॉइस नोट धाडली, सरांच्या आवाजात.

ह्यातलं एकबी वाक्य सर कधी बोललेले न्हवते. ती सगळी माझी. गॅदरिंगला केलेली. तिसऱ्याच्या व्हॉइस नोटमधला ण सुदीक माझा, चुकलेला.

पुस्तकात एक थाळी फेकनारा पुतळा हुता. सर सांगायचे, मूळ ग्रीकांचा, काशाचा, तो कवाच गेला. आपन बघतो ती रोमनांनी दगडात केलेली नक्कल. पोरं म्हनायची, मंग काय बिघडलं, दिसतोय ना. मी मोबाईल खाली ठेवला.

पुढच्या आठवड्यात सरांची पोरगी आन् जावई पुण्याहनं आले. सरांना तिकडंच न्यायचं ठरलं, उपचार बरे मिळत्यात. काकूंनी घराला कुलूप लावलं. सर गाडीत पुढच्या सीटवर, पट्टा बांधलेला. मी निरोपाला खिडकीशी वाकलो तर त्यांनी डाव्या हातानं माझी कॉलर धरली आन् माझ्या तोंडाकडं बोट केलं.

मला कळलं. रस्त्यावर, पाव्हन्यांच्या देखत, मी सर झालो. "ही झाली परीक्षेची उत्तरं. रोम का पडलं, ते मला काय वाटतं—"

आन् सर बोलायला लागले.

व्हय, व्हय व्हय. व्हय? व्हय व्हय व्हय, व्हय. पयल्यांदा संथ, मंग चढलं, एका जागी कुनालातरी प्रश्न इचारला, सोताच उत्तर दिलं, हसले, मंग आवाज खाली आला आन् हळूहळू एकेक शब्द मांडत गेले. आख्खा तास, दोन-चार मिनिटांत. कुठं स्वल्पविराम, कुठं खडूनं फळ्यावर टकटक, मला सगळं कळत हुतं. आजबी मला ती चाल सुरुवातीपासनं शेवटपर्यंत येते, कुनी म्हनलं तर करून दाखवीन. आत काय हुतं ते सोडून.

जावयानं घड्याळ बघितलं. "चला पप्पा, ट्रॅफिक लागेल."

सरांनी शेवटचं एक व्हय केलं. वर चढलेलं, माझ्याकडं बघून. समजलं का?

मागनं काकूंनी इचारलं, "काय म्हनत्यात रे?"

सर माझ्या तोंडाकडं बघत हुते. कॉलर अजून सोडली न्हवती.

"होय सर," मी म्हनलो.

त्यांनी ऐकलं. एकदा मान हलवली, हो का न्हाई ते मला कळलं न्हाई, आन् बोटं सुटली. काच वर गेली.