ऐकण्याची कळ

भोरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लागले तेव्हा पुण्याला जाणाऱ्या तारा दोनच होत्या. गावातल्या सगळ्या फोनांना पुणे हवं असे, वेल्ह्याच्या पोस्टातल्या एकुलत्या फोनलाही हवं असे. मागणी आली की मी तिकीट, म्हणजे नोंदीची चिठ्ठी, लिही. तार मोकळी झाली की दोरीची पिन बोर्डात खोचून दोन माणसं जोडून देई. बोलणं संपल्यावर गिऱ्हाइकानं फोनचं हँडल फिरवायचं. मग बोर्डावरची पत्र्याची झडप खाली पडे, मी पिन उपसे आणि तार पुढच्याला मिळे.

भोरात हँडल कुणी फिरवत नसे. बोलून झालं की माणूस चहाला निघून जाई. तार त्याच्याच नावावर मुकी पडून राही. त्यासाठी बोर्डाला ऐकण्याची एक कळ होती. ती दाबून ऑपरेटरनं आत डोकवायचं, "बोलताय का?" असं दोनदा विचारायचं आणि उत्तर आलं नाही तर पिन काढायची.

ही कळ मी दाबत नसे.

माझे वडील पत्रकं वाटत. मी अक्षरं शिकले तीही पत्रकांवरच. आमच्या वस्तीनं गावच्या विहिरीवर पाणी भरायला जायचं ठरवलं, तेव्हा वडिलांनी पुण्यातल्या एका कार्यकर्त्याला फोन केला होता. बोर्डावर आमचे सुपरवायझर होते. संध्याकाळच्या आत दिवस आणि वेळ बाजारपेठेला ठाऊक झाली. आम्ही विहिरीवर पोचलो तेव्हा काठीवाले आधीच येऊन बसले होते. वडिलांचा डावा हात त्यानंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही.

म्हणून नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी सुपरवायझरना सांगितलं, "मी कुणाचं बोलणं ऐकणार नाही."

"अगं, ऐकायला कोण सांगतंय? डोकव आणि बाहेर ये."

"डोकावणारा बाहेर आला की थेट बाजारात जातो, साहेब."

ते ओशाळले नाहीत. "पत्रकवाल्याची पोर. मग तारा कशा सोडवशील?"

"ज्यानं घेतली त्यानं सोडावी. हँडल फिरवायला हात मोडतात का?"

तेच मी पाठकोऱ्या कागदावर जरा सभ्य भाषेत लिहून खिडकीला चिकटवलं. तारा तुंबत. कुणी कुरकुरलं तर मी कागदाकडे बोट दाखवी. मला वाटे, मी लढते आहे.

त्या श्रावणात वाऱ्यानं एक तार तुटली. दुसरी तांदळाच्या एका अडत्यानं घेतली होती. साडेअकराला वेल्ह्याची झडप पडली; फोन मागायलाही हँडलच फिरवावं लागे. तिथल्या दवाखान्याचा कंपाउंडर होता.

"पुण्याचा मोठा दवाखाना लावा, बाई."

"अर्जंट लिहू का?"

त्याच्या मागे पोस्टात माणसं बोलत होती. तो घुटमळला. "दवाखान्याचं काम हाय जरा. साधाच लिवा."

औषधांसाठी त्याचा दर आठवड्याला फोन असे. मी साधं तिकीट लिहिलं.

अर्ध्या तासानं त्यानं विचारलं, "लागला का?"

"लाईन चालू आहे."

"अजून बोलत्यात?"

"झडप पडली नाही अजून."

सुपरवायझर चहा पीत होते. "डोकव एकदा. तो अडत्या बायकोशीसुद्धा चार वाक्यांच्या वर बोलत नाही. इतका वेळ काय बोलेल?"

मी हसले. पण कळ दाबली नाही.

पाऊण वाजता झडप पुन्हा पडली. या खेपेला कंपाउंडरचा आवाज अगदी खाली होता. "बाई, बाळंतीण अडलीया. कालधरनं. तिचा दीर हितंच हुबा हाय, पोस्ट भरलंय माणसांनी, त्यांच्यापुढं कसं बोलायचं..."

मी कळ दाबली. आत सुपाचा आवाज येत होता. अडत्याच्या दुकानात कुणीतरी तांदूळ पाखडत होतं आणि रिसीव्हर तसाच बाजूला पडलेला होता. "बोलताय का?" मी विचारलं. पुन्हा विचारलं. सूप चालूच होतं.

पिन काढली. पाच मिनिटांत पुणे लागलं, दवाखान्यानं गाडी कबूल केली.

चार वाजून गेल्यावर कंपाउंडरनं पुन्हा पुणे मागितलं. "गाडी माघारी धाडलीय, तेवढं कळवायचंय. गाडी यायच्या आदी पाऊण तास बाळंतीण गेली, बाई. प्वार बी न्हाई."

मी घरी जाऊन पत्रक लिहायला बसले. त्या अडत्याला चौकात उभा करणार होते. पहिली ओळ लिहिली : "रिकामी तार अडवून ठेवणाऱ्यांनो". हात तिथंच थांबला. अडत्या विसरला होता. मी तर समोर बसून होते, हाताखाली कळ होती.

दोनेक आठवड्यांनी त्या बाळंतिणीचा नवरा कचेरीच्या कामाला भोरला आला, तसा एक्स्चेंजच्या खिडकीशी आला. टोपी काढून हातात धरली होती.

"गाडी तुमीच लावून दिली न्हवं? कंपाउंडर म्हनला, बाईनं लई धावपळ केली. म्हनलं, भेटून जावं."

त्याचे आभार मला घेता येईनात. मी सगळं सांगितलं. तार, झडप, कळ, माझा नियम. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हंजी आत कुनी बोलत न्हवतं?"

"नाही."

"मग तार कुनाकडं व्हती?"

"माझ्याकडे," मी म्हणाले.

तो बोर्डाकडे बघत राहिला, मग माझ्या हातांकडे. टोपी घातली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागला.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या पहिल्याच फोनला तीन मिनिटं झाली, तशी मी कळ दाबली. दोन बायका कुणाच्या तरी सोयरिकीचं बोलत होत्या.

"मधे कोण आहे?" एकीनं दरडावून विचारलं.

"एक्स्चेंज," मी म्हणाले, आणि बाहेर आले.