दिनार चढला की

आमच्या मोहाडीत दिनाराचा भाव विचारणारी एकच बाई आहे, आणि ती माझ्या शेजारी राहते. तिचा एकुलता मुलगा कुवेतला असतो. दिनार चढला की तो पैसे पाठवतो, आणि पाठवले की तेवढं सांगायला फोन करतो. एरवी त्याला वेळ नसतो.

म्हणून काकी रोज सकाळी कुंपणापाशी येते. "भाऊ, दिनार केवढ्यावर गेला गा?" मी मोबाईलशी झटापट करून भाव सांगतो. बाजारातही तिचं तेच. टमाटरचा भाव ऐकून ती भाजीवाल्याला दटावते, "इतक्यात कुवेतले काय येते, माईत आहे का तुले?" त्याला माहीत नसतं. तिलाही नसतं.

पूर्वी रुपया घसरला की पेपर वाचून मी हळहळायचो. आता काकीपायी मनातून खूश होतो. बायको म्हणते, "तुमी तं देशाचे दुश्मनच निंगाले!"

परवा दिनार खरोखरच चढला. मी अंगणातूनच ओरडून सांगितलं. काकी धुतलेलं पातळ नेसली आणि फोन मांडीवर घेऊन दिवसभर ओसरीत बसली. जेवायलाही उठली नाही, कारण आत रेंज नसते.

संध्याकाळी ती कुंपणापाशी आली.

"भाऊ, तुह्याच पाहण्यात चूक झाली असन."

भाव बरोबरच होता.

"हो काकी," मी म्हटलं, "मीच चुकलो. दिनार उतरला होता."

"तरीच," ती म्हणाली, आणि जेवायला आत गेली.